बीबी का मकबरा : संगमरवर आणि चुना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा पाहावयास जाणारा प्रेक्षक बहुधा एक तुलना मनात घेऊनच दरवाजातून आत शिरतो. 'दख्खनचा ताज' हे नाव त्याच्या कानावरून गेलेले असते, आणि आग्र्याच्या ताजमहालाचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असतेच. समोर दिसणारी वास्तू त्या चित्राशी ताडून पाहावी, ती उणी ठरली की थोडे निराश व्हावे आणि अर्ध्या तासात परत फिरावे, असा क्रम सामान्यतः आढळतो. तुलना करणे गैर नाही. ह्या वास्तूच्या कर्त्यांपुढेही ताजमहाल होताच. परंतु तुलनेचा निकाल आधीच लागलेला असला म्हणजे डोळे वास्तूकडे न पाहता केवळ उणिवा मोजू लागतात. ह्या मकबऱ्याचा आराखडा, त्यातील दफनाची मांडणी आणि त्याचे बांधकामसाहित्य ह्या तीन गोष्टी क्रमाने पाहिल्यास तो स्वतःविषयी बरेच काही सांगतो. ते कोणते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

काळ आणि कर्ता

हा मकबरा औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिचा होय. ती इराणच्या सफवी राजकुळाशी संबंध असलेल्या शाहनवाजखान ह्या सरदाराची कन्या. तिचा विवाह १६३७ साली झाला. झेबुन्निसा, झीनतुन्निसा व झुब्दतुन्निसा ह्या मुली आणि आजम व अकबर हे मुलगे ही तिची अपत्ये. अकबराचा जन्म सप्टेंबर १६५७ मध्ये औरंगाबादेस झाला आणि त्यानंतर सुमारे महिन्याभरानेच, ऑक्टोबरमध्ये, दिलरस बानू मरण पावली. मृत्यूनंतर तिला 'राबिया-उद्-दौरानी', म्हणजे आपल्या काळची राबिया, असे म्हटले जाऊ लागले.

ह्या साध्या तपशिलावरून एका प्रचलित विधानाची परीक्षा करता येते. काही माहितीपुस्तकांत मकबऱ्याचे बांधकाम १६५१ मध्ये सुरू झाले असे दिलेले असते, आणि तो राजपुत्र आजमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधला असेही सांगितले जाते. परंतु १६५१ साली दिलरस बानू हयात होती. इतकेच नव्हे, तर औरंगजेबाची दख्खनच्या सुभेदारीवर दुसरी नेमणूक होऊन तो इकडे आला तोच पुढे १६५३ च्या सुमारास. आजमचा जन्मही १६५३ चाच. आई वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि इमारत उभी राहिली तेव्हा सात-आठ वर्षांचा. तेव्हा बांधकामाचा आरंभ १६५७ च्या अखेरीपूर्वी नेता येत नाही, आणि त्याची आज्ञा औरंगजेबाचीच मानली पाहिजे. आजमने मोठेपणी येथे काही दुरुस्ती केली असणे शक्य आहे व त्यावरूनच त्याचे नाव वास्तूशी जोडले गेले असावे. प्रवेशद्वाराच्या दारावरील लेखात अताउल्ला हा स्थपती व हंसपतराय हा बांधकामाची तांत्रिक बाजू सांभाळणारा, अशी दोन नावे येतात. त्यातील काल हिजरी १०७१, म्हणजे इसवी सन १६६०-६१ हा आहे.

म्हणजे उण्यापुऱ्या तीन-चार वर्षांत हे काम झाले. आणि ती वर्षे कोणती होती हेही ध्यानात घेतले पाहिजे. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला. १६५८ च्या आरंभी औरंगजेब सिंहासनाच्या लढ्यासाठी औरंगाबाद सोडून उत्तरेकडे निघाला. त्याच वर्षी सामूगढ येथे त्याने दाराचा पराभव केला. १६५९ च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराई येथे पुन्हा लढाई झाली. त्या लढाईत दाराच्या बाजूने लढताना जो प्रमुख सरदार पडला तो शाहनवाजखान, म्हणजे दिलरस बानूचाच पिता होय. मुलीची समाधी औरंगाबादेस बांधली जात असताना बाप जावयाविरुद्ध लढताना मारला गेला. औरंगजेब स्वतः पुन्हा औरंगाबादेस आला तो १६८२ साली. ज्याच्या आज्ञेने ही वास्तू झाली, त्याने ती उभी राहताना पाहिली नाही. बांधकामाचा भार दूरवरच्या कारागिरांवर व कारभाऱ्यांवर होता, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

स्थपती अताउल्लाविषयी एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. हा उस्ताद अहमद लाहोरी ह्याचा मुलगा. लुत्फुल्ला ह्या दुसऱ्या मुलाने आपल्या काव्यात ताजमहालाचे कर्तृत्व ह्याच अहमदास दिले आहे. अताउल्ला गणिती होता आणि त्याने १६३४-३५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ह्या ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले होते. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख येतो. तो ग्रंथ फारसीत नेणारा मनुष्य पुढे त्याच डोंगररांगांच्या दक्षिणेस येऊन एक समाधी रचतो, हा योगायोग खरा. पण मकबऱ्याकडे पाहताना त्याचा एक अर्थही आहे. 'ताजची नक्कल' असे आपण ज्यास म्हणतो, ते एका घराण्यात बापाकडून मुलाकडे आलेल्या विद्येचे पुढचे प्रकरण होते. मुलाने बापाची वास्तू परक्यासारखी बाहेरून न्याहाळून उतरवली नव्हती.

बाग आणि वास्तूची जागा

मकबऱ्याचे आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर आहे. भोवती उंच तटाची भिंत असून तिच्यात कमानींचे कोनाडे काढलेले आहेत. मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेस आहे. उरलेल्या तीन बाजूंच्या भिंतींच्या मध्यावर खांबांचे मंडप आहेत. दारातून आत आल्यावर समोर लांब हौद व कारंजी, दोन्ही बाजूंस फरसबंद वाट आणि तिच्या शेवटी चौथऱ्यावरील पांढरी इमारत असे दृश्य दिसते. पाहणाऱ्याचे तोंड उत्तरेकडे असल्याने इमारतीची दक्षिण बाजू वर्षातील बहुतेक महिने दिवसभर उन्हात असते. तिच्या पाठीमागे डोंगरांची रांग आहे. आग्र्यास ताजच्या मागे यमुनेचे पात्र असल्याने तो घुमट मोकळ्या आकाशावर उठून दिसतो, तर येथे पांढरा रंग डोंगराच्या काळसर-हिरव्या पटावर येतो. पावसाळ्याच्या अखेरीस हा भेद फारच स्पष्ट जाणवतो.

परंतु खरा भेद याहून मूलभूत आहे. मोगल समाधिबागेची रचना 'चारबाग' पद्धतीची असते, म्हणजे एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या पाटांनी व वाटांनी बागेचे चार भाग पाडलेले असतात. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा, सिकंदरा येथील अकबराचा मकबरा, आग्र्याचा इतमादुद्दौल्याचा मकबरा ह्या सर्वांत समाधी ह्या चार भागांच्या मध्यावर येते. ताजमहाल हा ह्या नियमास अपवाद आहे. तेथे समाधी बागेच्या मध्यावर नसून नदीच्या काठावर, बागेच्या एका टोकास आहे आणि बागेच्या मध्यावर केवळ एक हौद आहे. त्यामुळे ताजकडे जाताना संपूर्ण बाग समोर पसरलेली असते व समाधीपाशी ती संपते. औरंगाबादेस मात्र अताउल्लाने समाधी पुन्हा मध्यावर आणली. येथे बाग समाधीपाशी संपत नाही. ती तिच्या चारही बाजूंस आहे.

म्हणून ह्या वास्तूचे उभे रूप ताजचे असले तरी तिचा आराखडा ताजच्या आधीचा आहे, असे म्हटले पाहिजे. प्रेक्षकाने समोरच्या वाटेवरून चौथऱ्यावर चढून तेथूनच परत न फिरता चारही बाजूंनी हिंडून यावे. म्हणजे मध्यावर असण्याचा परिणाम कळतो. पश्चिमेस मात्र हा समतोल मोडलेला दिसेल. त्या बाजूची मशीद पुढे हैदराबादच्या निजामाच्या काळात बांधली गेली व तिच्यामुळे समाधीचा त्या बाजूचा प्रवेश बंद झाला. मूळ कल्पना समजावून घेताना ही मशीद मनाने क्षणभर बाजूस सारावी लागते.

वास्तूचे उभे रूप

चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार, मध्ये समाधीची इमारत, प्रत्येक बाजूस उंच कमानीचे भव्य दर्शनी अंग, वर मोठा घुमट आणि त्याच्या भोवती लहान घुमट्या व बारीक मिनार, अशी ही रचना आहे. तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. इमारतीच्या मानाने मिनार मोठे आहेत आणि ते तिच्या फार जवळ उभे आहेत. त्यामुळे ताजमध्ये घुमट व मिनार ह्यांच्यामध्ये जी मोकळी हवा खेळते ती येथे कमी पडते. इमारतीची रुंदी आटोपशीर ठेवून उंची राखल्यामुळे ती चिंचोळी व उभट वाटते. छपरावर लहान अवयवांची थोडी गर्दी झाली आहे. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. प्रवेशद्वारातून, लांब हौदाच्या पलीकडून पाहिले असता हाच उभटपणा वास्तूस एक हलकेपणा देतो. ताज भूमीवर स्थिर बसलेला वाटतो, तर मकबरा वर चढत असल्यासारखा दिसतो. कोणते बरे हा रुचीचा प्रश्न आहे. पण दोहोंचा परिणाम एक नाही, एवढे तरी नोंदले पाहिजे.

दफनाची मांडणी

आत गेल्यावर प्रेक्षकास पुन्हा ताजची अपेक्षा सोडावी लागते. ताजमध्ये वरच्या दालनात संगमरवरी जाळीच्या आत नक्षीदार प्रतिकबरी आहेत आणि खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. मकबऱ्यात वरच्या पातळीवर कबरच नाही. दालनाच्या मध्यावर जमिनीतच एक अष्टकोनी मोकळी जागा ठेवलेली असून तिच्या भोवती संगमरवरी जाळीचा ठेंगणा कठडा आहे. कठड्यापाशी उभे राहून खाली पाहिले म्हणजे खालच्या पातळीवर अष्टकोनी संगमरवरी जाळीने वेढलेली कबर दिसते. माथ्यावर घुमट, मध्ये पाहणारा आणि पायाखाली कबर अशी ही तीन पातळ्यांची मांडणी आहे. भिंतींतील जाळ्यांमधून गाळून येणारा मंद प्रकाश खाली जाईपर्यंत आणखी मऊ होतो. ताजमध्ये प्रेक्षक कबरीभोवती फिरतो. येथे त्यास वाकून पाहावे लागते. बाहेरच्या रचनेत ताजचा ठसा जितका दाट आहे, तितकाच आत तो पुसट होतो.

ह्याच जिल्ह्यात खुलताबाद येथे औरंगजेबाची स्वतःची कबर आहे. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारल्यावर त्याला तेथे नेऊन पुरण्यात आले. तिच्यावर घुमट नाही, ती आकाशाखाली उघडी मातीची आहे, आणि तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील आहे. पतिपत्नींच्या ह्या दोन समाध्या एकाच दिवसात पाहता येतात, आणि तशा पाहाव्यात. मोगल समाधिवास्तूच्या परंपरेची दोन टोके त्यांत समोरासमोर येतात.

संगमरवर कोठे थांबतो

आता बांधकामसाहित्याकडे वळू. मकबऱ्याच्या भिंतींचा खालचा पट्टा संगमरवराचा आहे. त्याच्या वर, घुमटाच्या पायापर्यंत, बांधकाम दख्खनच्या काळ्या पाषाणाचे असून त्यावर चुन्याचा तुकतुकीत गिलावा व चुनेगच्ची नक्षी आहे. घुमट पुन्हा संगमरवराचा. चौथऱ्यावर उभे राहून भिंतीवरून खालून वर नजर नेली की दगड संपून चुना जेथे सुरू होतो ती रेषा स्पष्ट दिसते. बहुतेक मार्गदर्शक ती रेषा दाखवितात ती वास्तूच्या गरिबीचा पुरावा म्हणून.

खर्चाचा भेद मोठा होता ह्यात शंका नाही. मकबऱ्यास ६,६८,२०३ रुपये व ७ आणे लागले, असा आकडा एका जुन्या फारसी बखरीच्या आधारे दिला जातो. ताजचा खर्च कोटींत सांगितला जातो. दोन्ही आकड्यांत कोणकोणती कामे धरली आहेत हे सारखे नसल्यामुळे त्यांचे गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही; पण दोन्ही कामांच्या आवाक्यातील अंतर त्यावरून कळते. दुसरी अडचण अंतराची होती. संगमरवर उत्तर हिंदुस्थानातील खाणींतून आणावा लागे. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये ह्याने औरंगाबादेपासून काही मजलांवर ह्या कामासाठी निघालेल्या संगमरवराच्या तीनशेहून अधिक गाड्या पाहिल्याचे लिहिले आहे. त्यांतील लहानात लहान गाडीसही बारा बैल जोडलेले होते. सिंहासनासाठी भावाभावांचे युद्ध चालू असताना अशा गाड्यांचे तांडे दख्खनपर्यंत पोचविणे किती कठीण झाले असेल, ह्याची कल्पना करता येते.

परंतु संगमरवर थांबला तेथे काम थांबले नाही, ते दख्खनी कारागिरांच्या हाती आले, असे मला वाटते. काळ्या पाषाणावर चुन्याचा गिलावा चढवून त्यात नक्षी काढण्याची कला दख्खनमध्ये सुलतानशाह्यांच्या काळापासून नांदत होती. अहमदनगर, विजापूर, दौलताबाद येथील इमारतींत तिचे नमुने पाहावयास मिळतात. विजापूरचा गोल घुमट हा मकबऱ्याच्या अगदी लगतच्या काळातला. येथील काळा पाषाण कठीण. त्यात संगमरवरासारखी नाजूक वेलबुट्टी कोरणे दुष्कर. म्हणून ह्या प्रदेशातील कारागिराने आपली नक्षी दगडात न काढता चुन्यात काढली. मकबऱ्याच्या कमानींच्या खांद्यांवरील व दालनांच्या छतांवरील उठावाची फुले आणि जाळीदार भूमितीच्या आकृती जवळून पाहिल्यास हा हात ओळखू येतो. त्यांना संगमरवराची उसनी सोंगे म्हणणे हा त्या कलेवर अन्याय आहे.

चुन्याची रीत थोडक्यात अशी. चुनखडी भट्टीत भाजावयाची, मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवावयाचा आणि मग वाळू व विटांची भुकटी घालून तो बैलाच्या घाणीत मळून घ्यावयाचा. त्याचा चिकटपणा वाढावा म्हणून जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा रस, उडदाचे पाणी ह्यांसारखे पदार्थ घालीत. असे थरावर थर दिल्यावर सर्वांत वर बारीक चुन्याचा संदला येतो. तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटतात. नक्षी काढावयाची ती चुना आवळण्यापूर्वीच. कारागिराच्या हाती फार थोडा वेळ असतो. पुढे हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत पुन्हा हळूहळू चुनखडीसारखा कठीण होतो. अशा भिंतीतून ओलावा आत जातो तसा बाहेरही पडतो, आणि काळ्या पाषाणाच्या बांधकामास हे मानवते.

जतनाचा प्रश्न

येथे हा विषय केवळ अभिरुचीचा राहत नाही. संगमरवरावर धूळ बसली तरी खालचा दगड टिकून असतो. चुन्याचे तसे नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येऊन काळे डाग पडतात, भेगांतून पाणी शिरते, थर सुटतो आणि नक्षी गळून पडते. वर वेळोवेळी पांढरा हात फिरविला तर डाग झाकले जातात, पण प्रत्येक थराबरोबर फुलाच्या पाकळीची कड बोथट होत जाते. भेगा सिमेंटने भरल्या तर ओलावा आत कोंडतो, क्षार वर येतात आणि लगतचा जुना चुनाही निकामी होतो. तात्पर्य, ही वास्तू ज्या हातांनी घडली तसे हात प्रत्येक पिढीत उपलब्ध असले तरच ती टिकणार. आज मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे. परंतु चुना मळणारा, संदला घोटणारा व ओल्या थरात नक्षी उचलणारा गवंडी केवळ कायद्याने निर्माण होत नाही.

ताजची उणी प्रत म्हणून मकबऱ्याकडे पाहण्याची सवय ह्या ठिकाणी प्रत्यक्ष हानी करते. चुना हा संगमरवराचा बदली कामगार मानला, की तो गळाला तरी मोठे काही गेले असे वाटत नाही आणि कोणताही पांढरा पदार्थ त्याच्या जागी चालतो. उलट चुना हेच ह्या वास्तूचे मूळ व अस्सल द्रव्य आहे असे मानले, म्हणजे त्याचा प्रत्येक मूळ तुकडा हे सतराव्या शतकातील दख्खनी हस्तकौशल्याचे साधन ठरते.

ह्या दृष्टीने दोन कामे वास्तुविद्येच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखी आहेत. एक म्हणजे चुनेगच्ची नक्षीची भिंतवार, मोजमापासहित नोंद; तीत मूळ काम व नंतरची दुरुस्ती ह्यांची शक्य तेथे निवड करावी. दुसरे म्हणजे मराठवाड्यातील वृद्ध गवंड्यांच्या तोंडून चुन्याच्या कामाची परिभाषा, प्रमाणे व अवजारांची नावे उतरवून घेणे. पहिल्या कामास मोजपट्टी व संयम पुरे; दुसऱ्यास मात्र फार वेळ उरलेला नाही.

मकबरा पाहण्यासाठी म्हणून निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. सकाळी दक्षिणेच्या दारात काही काळ उभे राहून दृश्य पाहावे. दारावरील पितळी पत्र्याचे काम व त्यातील दोन नावे विसरू नयेत. मग चौथऱ्याभोवती पूर्ण फेरी घालावी, आत जाऊन कठड्यावरून खाली पाहावे, आणि शेवटी भिंतीजवळ जाऊन संगमरवर संपून चुना जेथे सुरू होतो त्या रेषेपाशी थांबावे. तिच्या खालचा दगड दूरच्या खाणींतून बैलांनी ओढून आणला. तिच्या वरचे काम येथल्या गवंड्यांनी, येथल्या पाषाणावर केले. ताजशी तुलना करावयाचीच असेल तर ती एवढे पाहून झाल्यावर करावी.